बारापेड्याला निघण्याआधी

पाकोळ्या, म्हणजे वटवाघळं, वाचवायच्या म्हटलं की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या प्रत्येक हौशी माणसाला आधी गुहेत शिरायचं असतं. तयारीतली पहिली गोष्ट हीच, की शिरायचं नाही. बारापेड्याच्या गुहेतली रॉटनची मोकळ्या शेपटीची पाकोळी १९१३ साली शास्त्राच्या वहीत गेली ती इथल्याच नमुन्यांवरून. कित्येक दशकं जगात तिचा हा एकच ठिकाणा माहीत होता. पुढे मेघालय आणि कंबोडियातही ती सापडली म्हणून इकडचं हलकं घेऊ नका.

ही गुहा ज्या भीमगडच्या जंगलात आहे, ते २०११ पासून अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्यावा. भाषेचा वाद घालायला गावात पारावर पुष्कळ वेळ मिळतो. मग गुहेजवळच्या तळेवाडी गावात एक संध्याकाळ बसा. गुहेकडे कोण जातं, धूर कोण करतं, बाहेरचे लोक कुठल्या वाटेने येतात, हे तिथे कळतं, आणि धोक्यांची यादी तिथूनच उतरवायची.

मोजणी गुहेच्या तोंडाबाहेरून, अंधार पडण्याआधी जागा धरून. एका हातात बाहेर येणाऱ्यांचं काउंटर (बटण दाबून आकडा वाढवायचं), दुसऱ्या हातात परत आत वळणाऱ्यांचं, शेवटी वजाबाकी. गेल्या खेपेला आम्ही दुसरं काउंटर नेलंच नाही, आणि एकच पाकोळी चारदा निघून चारदा मोजली गेली असावी. गुहेत इतर जातीही असतात. या पाकोळीचा आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून आवाज पकडणारं यंत्र उसनं मिळालं तर बघा, नाहीतर आकडा ‘सगळ्या पाकोळ्या’ असाच लिहा. टॉर्चवर लाल जिलेटीन, फ्लॅश बंद, मोबाइल खिशात. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच दगडावर बसून मोजलं तरच दोन आकडे शेजारी ठेवता येतात.

खाली पडलेली पाकोळी उघड्या हाताने उचलायची नाही, रेबीजची भीती खरी आहे. जाड हातमोजे घ्या. पाकोळ्या वाचवण्याच्या आराखड्याच्या कागदावर प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव लिहा. ‘सर्वांनी’ लिहिलेलं काम कोणीच करत नाही. गुहेची नेमकी जागा मात्र त्या कागदावर नको, कारण त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारा आपल्यातच एखादा असतो.