पाकीट फोडू नका! परदेशी अर्जातलं इंग्रजी

जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या शब्दयाद्या घोकून झालेली मुलं अर्ज भरताना अडकतात ती ओळखीच्याच शब्दांवर. ट्यूशन म्हणजे नौपाड्यातला संध्याकाळचा क्लास नव्हे, ती विद्यापीठाची शिकवण्याची फी. म्हणून पत्रात 'ट्यूशन वेव्हर' (फीमाफी) दिसलं तर आधी पेढे आणा. बीई झालेला आपल्याकडे ग्रॅज्युएट. अमेरिकेच्या फॉर्मवर मात्र बीई 'अंडरग्रॅज्युएट'च्या रकान्यात जाते आणि 'ग्रॅज्युएट' म्हणजे एमएस, पीएचडी. ब्रिटन त्यालाच पोस्टग्रॅज्युएट म्हणतं. कोर्स हा अमेरिकेत एक विषय, ब्रिटनमध्ये अख्खा अभ्यासक्रम. 'फॅकल्टी' अमेरिकेत बहुधा प्राध्यापक मंडळी, आपल्या मार्कशीटवर शाखा. आणि 'आय पास्ड आउट इन २०२४' कुठेही लिहू नका, वाचणाऱ्याला तुम्ही चक्कर येऊन पडलात असं वाटतं. 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

हे सगळं तासाभरात जमतं. खरा घात करतो तो 'ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट', म्हणजे गुणांचा अधिकृत दाखला, यातला शब्द 'ऑफिशियल'. अजूनही तो वाचला की पोटात गोळा येतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आपल्या डोक्यात ऑफिशियल म्हणजे शिक्का मारलेलं. त्यामुळे मुलं आठ सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स काढतात, कोर्टनाक्यावर नोटरी गाठतात, प्रत्येक पानावर लाल शिक्का घेतात आणि निर्धास्त होतात. बऱ्याच परदेशी विद्यापीठांच्या लेखी त्या शिक्क्याला किंमत नाही. त्यांच्या भाषेत ऑफिशियल म्हणजे ज्या संस्थेनं गुण दिले त्या संस्थेकडून थेट आलेलं. एक तर तिनं स्वतः ऑनलाइन पाठवलेलं, नाही तर तिच्या सीलबंद पाकिटात, पाकीट जिथे चिकटवलंय तिथे सही-शिक्का असलेलं. ते पाकीट बऱ्याचदा तुमच्या हाती आलं तरी चालतं, फोडलं की संपलं. 'आत नाव बरोबर आहे ना बघू' म्हणून घरी कात्री लावली की त्याच क्षणी ते अनऑफिशियल. पुन्हा चिकटवून चालत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी आणि पुन्हा कुर्ल्याला उतरून कलिन्याच्या मुंबई विद्यापीठाची वारी.

म्हणून मागतानाच हिशोब करा. जितकी विद्यापीठं तितकी सीलबंद पाकिटं, वर दोन जादा, आणि एक संच उघडा. नावाचं स्पेलिंग, विषय, केटीच्या (राहिलेल्या विषयांच्या) नोंदी त्या उघड्या संचावर तपासा, स्कॅनही त्याचाच. आणखी एक: ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटचा गठ्ठा नव्हे, सर्व सेमिस्टरचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा वेगळा दाखला. तो वेगळा मागावा लागतो.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी जास्त जपावं. 'पोस्ट-सेकंडरी' (बारावीनंतरचं) शब्द वाचून मुलं डिप्लोमा गाळतात, कारण तो दहावीनंतरचा. मग ट्रान्सक्रिप्टवर सहाच सेमिस्टर दिसतात आणि पहिलं वर्ष कुठे गेलं, असा मेल येतो. डिप्लोमा लिहा, त्याचं ट्रान्सक्रिप्टही तंत्रशिक्षण मंडळाकडून मागवून ठेवा.

पण घाबरू नका. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळी अनऑफिशियल, म्हणजे तुम्ही स्वतः अपलोड केलेला स्कॅन, चालवून घेतात. ऑफिशियल मागतात ते प्रवेश मिळाल्यावर. सूचनेतला 'अपॉन ॲडमिशन' हा तुकडा शोधा. तो असेल तर घाईनं कुरिअर करण्यात पैसे घालवू नका.

जीपीएच्या (सरासरी गुणांकाच्या) रकान्याशेजारी अनेकदा 'डू नॉट कन्व्हर्ट' लिहिलेलं असतं. तरी ४ च्या स्केलवर आणायला ८.२ ला २.५ नं भागून ३.२८ लिहिणारे आहेतच. १० पैकी ८.२ तसंच लिहा, स्केल १० निवडा. 'डेट कन्फर्ड' म्हणजे पदवी रीतसर बहाल झाल्याची तारीख. निकालाची तारीख वेगळी, ती इथे टाकायची नाही. शेवटचं सेमिस्टर चालू असेल तर 'एक्स्पेक्टेड' निवडा.

शिफारसपत्राच्या फॉर्मवर सरांना विचारतात, 'इन व्हॉट कपॅसिटी' ओळखता? इथे कपॅसिटी म्हणजे कुवत नव्हे, नातं: प्रोजेक्ट गाइड, विषयशिक्षक, विभागप्रमुख. 'एक्सलंट कपॅसिटी' असं उत्तर गेलं की वाचणारा ओळखतो, पत्र विद्यार्थ्यानंच लिहिलंय. तुम्ही लिहून द्यायचं आणि सरांनी सही करायची, हा शॉर्टकट मला पटत नाही. 'सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल' हे तिघे नेमके त्याच पत्रात एकत्र येतात. तुमचं व्हायवातलं एखादं उत्तर आठवणारे साधे लेक्चरर, नाव न आठवणाऱ्या प्राचार्यांपेक्षा बरे. 'वेव्ह युअर राइट' म्हणजे पत्र पाहण्याचा हक्क सोडणं. सोडा. नाही म्हटलंत तर पत्राचं वजन कमी होतं.

ऑफर आली की 'कन्ग्रॅच्युलेशन्स'च्या खालचं वाचा. 'सब्जेक्ट टू', 'कंटिंजंट अपॉन', 'प्रोव्हायडेड दॅट' यांतलं काहीही दिसलं तर ऑफर सशर्त आहे. त्या अटी वहीत मराठीत उतरवा: अमुक टक्के, इंग्रजीच्या परीक्षेत अमुक बँड, अमुक तारखेपर्यंत. शेवटच्या सेमिस्टरला केटी लागली तर 'रिसिंड' हा शब्द भेटू शकतो, म्हणजे दिलेली ऑफर मागे घेणं. अशा वेळी गप्प बसू नका. आधी मेल करा, 'डिफर' करता येईल का विचारा, म्हणजे जागा पुढच्या सत्रावर नेणं. वाशी असो की ठाणे, पाट्या लावून बसलेल्या कन्सल्टन्सीपैकी बऱ्याच जणांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यामुळे 'डिपॉझिट भरून टाका' हा सल्ला लगेच येतो. आधी 'नॉन-रिफंडेबल' शोधा.

तारखांचं इंग्रजीही बघून घ्या. १ डिसेंबर, रात्री ११:५९ ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ) म्हणजे आपल्याकडे २ डिसेंबर, सकाळचे १०:२९. पॅसिफिक (पश्चिम किनारा) असेल तर दुपारी १:२९. पाकिटांसाठी 'पोस्टमार्क्ड बाय' असेल तर त्या तारखेपर्यंत टपालात पडलं तरी पुरे. 'रिसीव्ह्ड बाय' असेल तर पाकीट तोवर तिथल्या टेबलावर हवं.