पोर्शे ९११ (९९६): पी११२८ आणि पी११३० एकदम आले तर

जुन्या ९९६ वर (९११ ची एक पिढी) हे दोन बिघाड-कोड दिसले की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात; हवा-इंधनाचं मिश्रण बिघडल्याचा एकेक कोड एकेका रांगेचा. दोन्ही रांगा एकदम बिघडल्या, तर दोष बहुधा सामाईक असतो: मळलेला एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) किंवा आतला पडदा फाटलेला ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफांमधून तेल वेगळं करणारा भाग).

इंजिन गरम करून आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) ठेवा आणि तेल भरायचं झाकण उचला. थोडी ओढ असतेच. पण झाकण ओढूनही निघेना, तर सेपरेटर गेला. स्टार्टला पांढऱ्या धुराचा लोट हीसुद्धा त्याचीच खूण. अशी गाडी अजिबात पळवू नका, सिलिंडरमध्ये तेल ओढलं जाऊन इंजिन कायमचं जाऊ शकतं.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची साठवलेली इंजिनाची आकडेवारी) नोंदवा. विकणाऱ्याच्या गाडीत कोड नाहीत पण रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारी नोंद) अपूर्ण? मग कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.