केंद्राच्या टेंडरमध्ये ‘क्लास-१’ कसं भरायचं

भोसरीत मी कंट्रोल पॅनेल बनवतो आणि केंद्र सरकारच्या कंपन्यांची टेंडरं स्वतः भरतो. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या २०१७ च्या ‘मेक इन इंडिया’ आदेशाचा फायदा छोट्या कारखानदाराने घ्यायलाच हवा, म्हणून सांगतो.

आधी हिशोब. जीएसटी सोडून पॅनेलची किंमत १,००,००० रुपये. त्यातला आयात माल, सीमाशुल्क धरून, ३८,०००. म्हणजे स्थानिक वाटा ६२ टक्के. तो ५० किंवा जास्त असेल तर तुम्ही क्लास-१, म्हणजे प्राधान्य मिळणारे स्थानिक पुरवठादार. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घेतलेला परदेशी सर्किट ब्रेकर आयातच धरा, बिल मुंबईचं असलं तरी. वाहतूक, विमा, जोडणी, प्रशिक्षण यांचे पैसे स्थानिक वाट्यात घालू नका.

बोलीसोबत टक्केवारी आणि उत्पादनाचं ठिकाण लिहून स्वयंघोषणा जोडा; १० कोटींवरच्या खरेदीला लेखापरीक्षकाचा किंवा सीएचा दाखला लागतो. खोटी घोषणा दोन वर्षांपर्यंत बंदी आणू शकते.

सर्वात कमी दर क्लास-१ नसलेल्याचा असेल आणि तुमचा दर त्याच्या २० टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच्या दराला यायची संधी मिळते. माल विभागता येत असेल तर निम्म्या मालासाठी. तो दर परवडेल का, हे बोली भरण्याआधीच ठरवा.