पाळी चुकली, दिवस गेलेत का? कसं ओळखायचं

मैत्रिणींनो, उलटी झाली म्हणजे दिवस गेले असं सगळ्यांना वाटतं, पण मळमळ बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे तोवर पाळी चुकून दोनेक आठवडे झालेले असतात, आणि काहीजणींना तर ती होतच नाही. म्हणून आधी तारीख बघा.

माझी जाऊ इंदूरचीच, पोह्यावर डबल जीरावन (तिकडचा भुरभुरायचा मसाला) मागणारी. एक दिवस नाक्यावर त्याचाच वास तिला सहन होईना, प्लेट माझ्या हातात देऊन लांब जाऊन उभी राहिली. घरी सगळे म्हणाले ॲसिडिटी, ही आठ दिवस मनानेच गोळ्या घेत राहिली. मी विचारलं पाळी कधी आली होती, तर तिला आठवेचना!

वास नकोसे होणं, स्तन जड होऊन दुखणं, दुपारीच गळून जाणं, सारखी लघवीला लागणं, तारखेच्या आधी थोडासा डाग दिसणं, हे सगळं होऊ शकतं, पण यातलं बरंचसं पाळी येण्याआधीही होतं, त्यामुळे नुसत्या लक्षणांवर जाऊ नका, टेस्ट करा.

टेस्ट पाळी चुकल्या दिवसापासून करता येते. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेतच बघा, अर्ध्या तासाने उमटलेली रेघ धरायची नाही. वेळेत आलेली दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच समजून डॉक्टरांकडे जा. एकच रेघ आली आणि पाळीही नाही, तर आठवड्याने परत करा. पीसीओडीमुळे तारीखच पक्की नसेल तर शेवटचा संबंध आल्यापासून २१ दिवसांनी करा. आशाताईंकडे 'निश्चय' किट फुकट मिळतं, मागायला लाजू नका.

पॉझिटिव्ह आली की मनाने गोळ्या घेणं बंद, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोईन चालू असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम लागतं, ते विचारून सुरू करा. आणि पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात जिवाला धोका असतो.

डॉक्टर पहिल्यांदा शेवटच्या पाळीचा पहिला दिवसच विचारतील, तो आत्ताच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. जावेची तारीख आम्ही हरतालिकेच्या उपासावरून मोजत बसलो होतो.