उजनीवर जाण्याआधी जुन्या बोट-इंजिनाची तयारी

गणपती गेले की आमच्या कोठीतले जॉन्सन सीहॉर्स बाहेर येते. दहा हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे, १९५० च्या दशकातले. उजनी तोवर बहुधा भरत आलेली असते, हात शिवशिवतात, पण पहिल्या दिवशी दोरी ओढायची नाही. वर्षभर पडून असलेल्या इंजिनाची आधी दोरी ओढली आणि मग दोष शोधला, तर एकाचे दोन दोष झालेले असतात.

सुरुवात पेट्रोलपासून करा आणि निम्मा वेळ त्यालाच द्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोक ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीची नळी ओढते तळातून. म्हणजे इंजिनात वंगण नसलेले पाणी जाते आणि पिस्टन धरतो. असे धरलेले एक इंजिन मी उघडले होते. पिस्टनवरचे उभे ओरखडे पाहून पोटात कालवले. म्हणून मागच्या हंगामातले पेट्रोल थेंबभरही ठेवू नका, नवे त्याच आठवड्यात भरून आणा आणि लागेल तेवढेच कालवा. या जुन्या जॉन्सनना २४ ला १ हे प्रमाण लागते, म्हणजे ६ लिटरला २५० मिली ऑइल. १९६४ पासूनच्या बहुतेक मॉडेलांवर ५० ला १ लिहिलेले असते, ते वाचून जुन्या इंजिनाला ऑइल कमी करू नका. आतल्या बेअरिंगची बनावटच वेगळी आहे. ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या बोट-इंजिनाचे, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले घ्या. स्कूटरचे नको.

मग कार्बोरेटर. त्यातला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, बुचाचा असेल तर त्यावर लाखेचे रोगण असते आणि इथेनॉल ते विरघळवते. फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो, कार्ब ओसंडतो आणि आपण उगाच प्लग बदलत बसतो. बूच पूर्ण वाळवून त्यावर पातळ सुपरग्लूचे दोन हात द्या, अजूनपर्यंत मला तरी ते टिकाऊ वाटले आहे. जुन्या रबरी नळ्या बोटाने दाबून पाहा. चिकट किंवा तडकलेली दिसली की बदला.

दोन नळ्यांची टाकी असेल तर इंजिनावर पेट्रोलचा पंप नसतो. इंजिनच एका नळीतून टाकीत दाब भरते आणि दुसरीतून पेट्रोल वर येते. इंजिन चालू होते, मिनिटभर छान चालते आणि मरते, ही तक्रार असेल तर कार्ब खोलण्याआधी टाकीच्या झाकणाचे पॅकिंग पाहा. दाब तिथून निसटतो. अशा इंजिनाला आजची एका नळीची टाकी नुसती जोडून चालत नाही.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पात्यांची चकती, पडून पडून वाकडा होतो. तो बदलाच. बसवताना उभा दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत बसवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतील. इंजिन कोरडे चालवायचे नाही, पाच सेकंदही नाही. खालच्या गिअरपेटीचे तेल काढून पाहा. ताकासारखे पांढरे आले तर सील गेले, पाणी शिरते आहे. नवे तेल खालच्या भोकातून वर चढवत भरा, वरच्या भोकातून तेल दिसले की हवा निघाली.

ठिणगीचे काम थोडक्यात: पॉइंटमधली (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या टोकांमधली) फट ०.५ मिमी, प्लगची ०.७५ मिमी, पॉइंट जाड कागदाने पुसलेले, कॉइलला तडा नाही. तडा असेल तर दुरुस्ती नाही, नवीच घाला.

आता इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये उभे करून चाचणी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे दोनशे लिटर चाचणीला द्यायचे म्हणजे घरात बोलून ठेवावे लागते; पाणी येण्याच्या दिवसाचा हिशेब आधी करा. पाणी इंजिनाच्या पंपाच्या वर हवे. या मॉडेलला नव्यांसारखी पाणी फिरते आहे हे दाखवणारी पिचकारी नसते; मागच्या भोकातून धुराबरोबर फवारा येतो का बघा आणि सिलिंडरच्या डोक्याला हात लावा. क्षणभर ठेवता आला पाहिजे. ते पाणी तेलकट झालेले असते, झाडांना घालू नका.

पिशवीत तीन-चार शिअर पिना (पंखा अडकला की स्वतः तुटून गिअर वाचवणाऱ्या), कॉटर पिना, पक्कड, प्लगपाना, दोन प्लग, सुरू करायची जादा दोरी. उजनीच्या ११७ टीएमसी साठ्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचे पाणी, आहे, आणि पाणी उतरत जाते तसे बुडालेले बांध, खुंट, वेडी बाभूळ पंख्याच्या टप्प्यात येतात. पिन तुटायलाच असते. तिच्या जागी खिळा ठोकलात तर पुढचा धक्का गिअर खातात. त्यामुळे जानेवारीनंतर काठाकाठाने जाऊ नका, जिथे मासेमार जातात ती वाट विचारून घ्या.

पाटबंधारे खात्याची परवानगी आधी बघा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा अंगावर येतो. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, बंद बांधून. आणि इंजिन कितीही शहाणे निघाले तरी दोन वल्ही आणि एक लांब दोर बोटीत आधी टाका, मग इंजिन बसवा.