इलेक्ट्रिक की पेट्रोल: गाडीच्या आयुष्यभराच्या कार्बनचा हिशेब घरच्या घरी

‘इलेक्ट्रिक गाडी धूर सोडत नाही, पण तिची वीज तर चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरच होते ना?’ गाडी घ्यायची म्हटली की हा प्रश्न हमखास निघतो. शंका रास्त आहे. तिचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, कारण गाडी कुठे, किती आणि कशी चालते यावर ते बदलतं. स्वतःपुरतं उत्तर मात्र काढता येतं. त्यासाठी एक वही, विजेचा एक सबमीटर आणि महिनाभराच्या नोंदी पुरतात.

आधी अट एकच: दोन्ही गाड्या एकाच आकाराच्या हव्यात. छोटी हॅचबॅक आणि मोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही शेजारी ठेवली तर तुलना वजनांची होते, इंधनांची नाही. आकार सारखा असला की पत्रा, काचा, सीट, टायर यांचा कार्बन दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो, तो सोडून द्या. मोजायचं ते इंधन, वीज आणि बॅटरी.

पेट्रोलची बाजू

ब्रोशरमधलं मायलेज धरू नका, ते प्रयोगशाळेतलं असतं. टाकी फुल ते टाकी फुल मोजा. पहिल्यांदा नोझल आपोआप बंद पडला की तिथेच थांबवा, ‘राउंड फिगर’साठी वरून भरून घेऊ नका, त्या अर्ध्या-एक लिटरनेच मायलेज चुकतं. किलोमीटरचं रीडिंग लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर म्हणजे तुमचं मायलेज. अशा तीन टाक्यांची सरासरी घ्या.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोही वजन नसलेल्या पेट्रोलमधून एवढा वायू कसा? कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन वाढतं ते ऑक्सिजनचं. कच्चं तेल काढणं, जहाजाने आणणं, रिफायनरी, टँकर यांचे आणखी सुमारे ०.५ किलो धरा, म्हणजे एकूण २.८. आता पंपावर ई२० मिळतं. त्यातल्या ८० टक्के पेट्रोलचे २.२४ किलो झाले. उरलेलं २० टक्के इथेनॉल जळताना निघणारा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, पण ऊस-मक्याचं खत, पाणी उपसण्याची वीज आणि डिस्टिलरीचं इंधन फुकट येत नाही, त्याचे ०.२ किलो धरा. म्हणजे ई२०च्या लिटरमागे साधारण २.४ किलो. ई२०मुळे मायलेज थोडं घटतं, पण तुम्ही मोजलेल्या आकड्यात ती घट आलेलीच आहे. ती पुन्हा वजा करू नका.

विजेची बाजू

सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाडीच्या स्क्रीनवर दिसतात ती बॅटरीतून खर्च झालेली युनिट (ब्रोशरमधलं kWh म्हणजेच युनिट). भिंतीतून त्याहून जास्त वीज गेलेली असते. चार्जर तापण्यात आणि बॅटरीत साधारण १० ते १५ टक्के जाते. म्हणून चार्जिंगच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला इलेक्ट्रिशियनकडून सबमीटर लावून घ्या. बॅटरी १०० टक्के भरा, मीटरचं आणि किलोमीटरचं रीडिंग लिहा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मध्ये चार्ज करावं लागलं तर याच सॉकेटवर करा. शेवटी पुन्हा १०० टक्के भरा. मीटरवरचा फरक भागिले किलोमीटर. शहरात ३० युनिटच्या बॅटरीच्या छोट्या एसयूव्हीला १०० किलोमीटरला १५-१६ युनिट लागणं ठीक आहे.

आता एका युनिटमागे कार्बन किती? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो युनिटला ०.७२७ किलो होता. महाराष्ट्राचा वेगळा आकडा शोधू नका. ३१ डिसेंबर २०१३ पासून सगळ्या देशाचं ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, एकच आहे. ०.७२७ हा आकडा वीजनिर्मिती केंद्राच्या दारातला आहे. तारा आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी सुमारे १५ टक्के वीज धरली तर तो ०.८५ च्या पुढे जातो. कोळशाचं खाणकाम आणि वाहतूक धरून ०.९ घ्या. पेट्रोलच्या रिफायनरीचा खर्च लावला, तर कोळशाच्या खाणीचाही लावलाच पाहिजे. इथे महावितरणच्या एकूण हानीचा आकडा मात्र वापरू नका, कारण त्यात वीजचोरी आणि थकलेली बिलंही असतात. चोरलेली वीज कुठेतरी वापरलीच जाते, ती तुमच्या गाडीच्या नावावर टाकायचं कारण नाही.

बॅटरी

स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये बॅटरीच्या एका युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन सांगितला होता. २०१९ मध्ये तिनेच तो ६१ ते १०६ वर आणला. जुना आकडा व्हॉट्सॲपवर अजून फिरतो, त्यावर हिशेब करू नका. मध्यम म्हणून ८० धरा: ३० युनिटची बॅटरी म्हणजे २,४०० किलो.

मांडून पाहू

पुण्यासारख्या शहरातली रहदारी, वर्षाला १०,००० किलोमीटर, १५ वर्षं. पेट्रोल गाडीचं मायलेज १२: एकूण १२,५०० लिटर, म्हणजे ३० टन. इलेक्ट्रिकला १०० किलोमीटरला १५.५ युनिट: एकूण २३,२५० युनिट, म्हणजे २०.९ टन. बॅटरीचे २.४ मिळवून २३.३. किलोमीटरमागे पेट्रोल २०० ग्रॅम, इलेक्ट्रिक १४० ग्रॅम. या ६० ग्रॅमच्या फरकाने बॅटरीचं ‘कर्ज’ साधारण ४०,००० किलोमीटरला, म्हणजे चौथ्या वर्षाअखेर फिटतं.

इथे आजचं ग्रिड पंधरा वर्षं तसंच राहील असं धरलंय. ग्रिड हळूहळू स्वच्छ होत जाऊन सरासरी ०.७५ पडली, तर इलेक्ट्रिकचे एकूण २० टनांच्या आत येतात. प्राधिकरणाच्या २०२३ च्या योजनेत २०३१-३२ साठी वीज केंद्राच्या दारातला ०.४३ चा अंदाज आहे, पण २०२१-२२ पासून प्रत्यक्ष आकडा ०.७१५ च्या आसपासच घुटमळत २०२३-२४ मध्ये ०.७२७ वर गेला. म्हणून योजनेतला आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

आता तीच गाडी फक्त एक्स्प्रेसवेवर पळवा. पेट्रोल १६चं मायलेज देईल, १५० ग्रॅम. ताशी १०० ला इलेक्ट्रिकची भूक १८ युनिटपर्यंत वाढते, १६२ ग्रॅम. आजच्या ग्रिडवर इलेक्ट्रिक इथे मागे पडते, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत जाते, पेट्रोल इंजिन सिग्नलला जळत राहतं. इलेक्ट्रिकचा खरा फायदा तिथे आहे. वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तर बॅटरी फेडायलाच तेरा वर्षं लागतात.

छतावर सोलर असेल तर चार्जिंग दुपारी करा. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे दुपारी ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होत असल्यामुळे, रात्रीच्या चार्जिंगचं बिल शून्य येऊ शकतं, पण रात्री दोन वाजता सॉकेटमध्ये येणारी वीज मुख्यतः कोळशाचीच असते. घरी दुपारी जमत नसेल तर ऑफिसच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट मागून घ्या.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना वॉरंटीची कागदपत्रं बघा, बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर देतात. बॅटरी बदलली की आणखी २,४०० किलो मांडा. वरच्या उदाहरणात तेवढे मिळवले, तरी इलेक्ट्रिक २५.७ टनांवर थांबते.