बर्फाच्या उतारावर पाय टाकण्यापूर्वी

सह्याद्रीत निसरडा कातळ पायाला आधीच कळतो. बर्फाचं तसं नाही. गुलमर्गच्या अफरवट शिखरावर दोन दिवस बर्फ पडून ऊन आलं की उतार साखर पेरल्यासारखा दिसतो, आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने नेमका तोच दिवस वाईट असतो.

सुरुवात हॉटेलवरच करा. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, तो वाचा. धोका १ ते ५ अशा पातळ्यांत मोजतात. पण ३ म्हणजे 'मध्यम, चालेल' असं समजू नका. त्या पातळीवरही माणसाच्या नुसत्या वजनाने बर्फ सुटू शकतो. चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला असेल किंवा पारा एकदम चढला असेल, तर तीव्र उतारांचा बेत रद्द. वारा कुठून कुठे वाहिला हेही स्थानिक गाइडला विचारा. वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून धारेपलीकडच्या आडोशाला रचतो. पडला असेल वीतभर, तिथे साठलेला असतो कमरेएवढा.

मग कोन. फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं. काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, बर्फावर टेकवून तिच्यावर फोन ठेवा. बहुतेक जीवघेणी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्यापेक्षा सौम्य उतारावरून चालत असाल तरी मान वर करून बघा: डोक्यावर तीव्र उतार असेल तर तुम्ही त्याच्याच वाटेत उभे आहात.

चालताना कान उघडे हवेत. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, पावलापासून तडा पळत गेला किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर पुढच्या तपासणीची गरजच नाही. मागे फिरा.

यातलं काही दिसलं नाही, तरच बर्फाचे थर तपासायला खड्डा. जिथे जायचं त्याच दिशेचा, तशाच कोनाचा, पण लहान आणि वर-खाली सुरक्षित उतार निवडा. मीटर-सव्वा मीटर खणून समोरची भिंत फावड्याने साफ करा आणि थरांवरून बोट फिरवा. कडक थराखाली साखरेसारखे सुटे, मुठीत न वळणारे दाणे लागले तर तीच दुखरी जागा. आता उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि भिंतीत मागे ३० सेंटिमीटर जाणारा ठोकळा बाजूंनी आणि मागून कापून मोकळा करा. एका टोकाला फावडं ठेवून त्यावर मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० थापा मारा. तडा एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, तर उतार सोडा.

नाही गेला तर? तर एवढंच कळलं की *या* जागी नाही गेला. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो. खड्डा 'नको' म्हणाला तर ऐकायचं. 'जा' म्हणायचा अधिकार मी त्याला कधी देत नाही.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्या माणसाच्या हाताशी जेमतेम पंधरा मिनिटं असतात, म्हणजे शोधायला सोबतीच असतात, बचाव पथक नव्हे. म्हणूनच संशयास्पद उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.